बाळंतविडा

बाळंतविडा म्हणजे बाळंतीण आणि नवजात बाळ यांच्यासाठी आप्तेष्टांनी दिलेले कपडे व नित्योपयोगी वस्तू. झबली, टोपरी, कुंची, दुपटी, लंगोट व बाळोती हा त्याचा बाळाकडचा भाग असून बाळंतिणीसाठी साडीचोळी, डिंक, खारीक, खोबरे इत्यादी जिन्नस दिले जातात. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रूढीमुळे त्याची तयारी प्रामुख्याने बाळाच्या आजोळी होते. बारशाला येणारे पाहुणेही त्यात भर घालतात.

तयार वस्तूंच्या दुकानांमुळे या संचाचे स्वरूप बरेच बदलले आहे. तरीही नवजात बाळाच्या मूलभूत गरजा ऊब, स्वच्छता आणि आईचे दूध याच आहेत. एखादी वस्तू आवश्यक आहे की केवळ शोभेची, हे ठरवताना त्यांचाच विचार करावा लागतो.

कपडे

बाळाच्या कपड्यांसाठी मलमल किंवा मऊ सुती कापड परंपरेने वापरले जाते. झबले पुढून किंवा पाठीवर उघडणारे, बंदांचे आणि सैल असते. गुंड्या तुटून तोंडात जाण्याचा व सेफ्टी पिन टोचण्याचा धोका बंदांमुळे टळतो. मात्र बंद आखूड असावेत आणि गळ्याभोवती आवळले जाऊ नयेत. अनुभवी स्त्रिया शिवणीची बाजू बाहेर ठेवून झबले शिवतात किंवा घालतात, कारण बाळाची त्वचा अतिशय पातळ असते.

काही घरांत बारशापर्यंत बाळाला नवे कपडे घालत नाहीत. जुनी लुगडी किंवा धोतरे फाडून केलेली दुपटी अनेक धुण्यांनी मऊ झालेली असतात, हा या रूढीचा व्यवहारी भाग. नव्या कापडातील खळीमुळे दुकानात ते उठून दिसते. बाळाच्या मानेला मात्र तीच खळ काचते. म्हणून नवे कपडेही वापरण्यापूर्वी धुऊन कडक उन्हात वाळवणे इष्ट असते. जुने कापड अस्वच्छ असल्यास त्याचा मऊपणा उपयोगाचा नाही.

डोके, कान व पाठ झाकणारी कुंची थंडीत उपयुक्त असते. नवजात बाळाच्या शरीराच्या मानाने डोके मोठे असल्याने तेथून उष्णता लवकर निघून जाते. जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजन असलेल्या बाळांत हा धोका अधिक असतो. बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे असे मानले जाते. जरीची वा साटिनची कुंची बारशापुरती ठीक. रोजच्या वापराला सुती किंवा फ्लॅनेलची बरी.

लंगोटांची संख्या ठरवताना बाजारातील संचापेक्षा घरातील धुणे-वाळवणे कसे होते ते पाहणे योग्य. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर पुरेसे दूध मिळणारे बाळ दिवसरात्रीत साधारण सहा किंवा अधिक वेळा लघवी करते. ओल्या लंगोटांवरून दूध पुरते आहे की नाही याचा अंदाज येतो. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, तेव्हा जास्तीचे लंगोट लागतात. डायपर प्रवासात सोयीचा असला तरी तो ओलावा शोषून घेत असल्याने ही मोजणी अवघड होते, आणि वेळेवर न बदलल्यास पुरळ उठते.

अंथरूण

गोधडी किंवा वाकळ सपाट व घट्ट अंथरलेली असल्यास पुरेशी असते. डोक्याला गोल आकार यावा म्हणून मोहरीची उशी देण्याची प्रथा आहे, परंतु बाळाला उशीविना, उताणे निजवण्याची शिफारस केली जाते. तोंडाजवळची मऊ उशी, सैल पांघरूण व खेळणी श्वास कोंडण्यास कारण ठरू शकतात. साडीच्या खोल झोळीत मान छातीकडे दुमडली जाऊ शकते. मच्छरदाणीला मात्र पर्याय नाही.

वगळण्यासारख्या वस्तू

परंपरेतून आलेली प्रत्येक वस्तू निर्धोक नसते. काजळात शिसे आढळले असून डोळ्यांना संसर्गही होऊ शकतो. ओवा-वेखंडाच्या धुरीचा धूर बाळाच्या फुप्फुसांना अपायकारक असतो. नाळेवर हळद, राख वा तेल लावू नये. ती कोरडी व स्वच्छ ठेवावी. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामुळे घुटी व पाणीही वर्ज्य ठरते. मधातून होऊ शकणाऱ्या बॉट्युलिझम या गंभीर आजारामुळे तो वर्षाच्या आत देत नाहीत.

दुधाची बाटली भेट म्हणून सर्रास दिली जाते. वस्तुतः भारतात १९९२ च्या कायद्याने, आणि २००३ च्या दुरुस्तीने अधिक कडकपणे, पर्यायी दूध व बाटल्यांच्या जाहिरातीवर बंदी आहे. आईचे दूध काढून पाजावे लागल्यास वाटी-चमचा सुरक्षित असतो. जुन्या घरांतील बोंडल्याची चोच आतून नीट घासता येत नाही.

शासकीय संच

फिनलंडमध्ये १९३८ पासून गरीब मातांना व १९४९ पासून सर्व मातांना बाळाच्या वस्तूंची पेटी दिली जाऊ लागली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्याअखेरपर्यंत वैद्यकीय तपासणी करून घेणे ही तिची अट होती. महाराष्ट्रात महिला व बाल विकास विभागाने २०१९ मध्ये शासकीय संस्थांत होणाऱ्या पहिल्या प्रसूतीसाठी सुमारे दोन हजार रुपये किमतीचा ‘बेबी केअर किट’ हा संच देण्याची योजना सुरू केली. त्यात कपडे, लहान गादी, ब्लँकेट, टॉवेल, मच्छरदाणी, तेल यांबरोबर तापमापकही होता. पारंपरिक बाळंतविड्यात नसलेली ही वस्तू कदाचित सर्वांत मोलाची आहे.

वस्तूंना जाणत्या माणसाची जोड मिळाली तर काय घडते, हे गडचिरोलीत दिसले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित स्त्रियांकडून नवजात बाळांची घरी काळजी घेतली. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ पासून देशभर लागू झालेल्या कार्यक्रमात रुग्णालयातील प्रसूतीनंतर आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी घरी भेट देते.

येरमाळा परिसर

धाराशिव जिल्ह्यातील कळंब तालुक्यात, धुळे–सोलापूर महामार्गावर वसलेले येरमाळा हे गाव येडेश्वरी देवीमुळे प्रसिद्ध आहे. चैत्री पौर्णिमेची यात्रा ऐन उन्हाळ्यात भरते. अशा दिवसांत बाळाला एक सुती झबले पुरते. रूढी म्हणून लोकरी टोपरे व कुंची घातल्यास घामोळे येते, अंग तापते आणि ताप आल्याचा भासही होतो.

या भागातील अडचण कपड्यांच्या निवडीपुरती नाही. नीती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित ठरवलेल्या महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत हा जिल्हा होता. दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी परजिल्ह्यांत व कर्नाटकात जातात. हंगामात प्रसूती झाल्यास बाळाचे पहिले दिवस फडाजवळच्या कोपीत, थंडीत जातात. गावची आशा तेथे पोहोचत नाही, अंगणवाडीतील नोंद मागे राहते आणि आजोळचा बाळंतविडाही बहुधा परतल्यावरच मिळतो. अशा कुटुंबाबरोबर निघतानाच चार मऊ दुपटी, टोपरे, लंगोट, साबण, मच्छरदाणी, तापमापक आणि माता व बाल संरक्षण कार्ड असणे आवश्यक ठरते. पुरेशी पांघरुणे नसल्यास बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची ‘कांगारू’ पद्धत उपयोगी पडते. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झालेल्या या पद्धतीला एका कापडाखेरीज काहीच लागत नाही.