मोटारगाड्या, वापरलेल्या : भारतातील आयात व कर

परदेशात वापरलेल्या मोटारगाड्यांच्या आयातीचे नियमन अनेक देश करतात. देशी उद्योगास संरक्षण, परकीय चलनाची बचत आणि वाहतुकीची सुरक्षितता हे त्यामागील प्रमुख हेतू होत.

भारतात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झालेले आयात नियंत्रण १९४७ च्या आयात व निर्यात (नियंत्रण) अधिनियमाने पुढे चालू राहिले. १९४९ मध्ये संपूर्ण जुळणी केलेल्या गाड्यांच्या आयातीवर बंदी आली. त्यानंतर सुमारे पाच दशके परदेशी जुनी गाडी येई, ती मुख्यतः स्वदेशी परतणाऱ्या भारतीयांबरोबर किंवा परदेशी वकिलातींसाठी.

अमेरिकेच्या तक्रारीवर जागतिक व्यापार संघटनेत १९९९ मध्ये भारताविरुद्ध निर्णय झाला. परिणामी उरलेले संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ रोजी उठले. जपान व ब्रिटन येथेही वाहने डाव्या बाजूने चालत असल्याने तेथील स्वस्त गाड्यांचा लोंढा येईल, अशी धास्ती देशी उत्पादकांना होती. म्हणून सीमाशुल्क १०५% करण्यात आले. अन्य करांसह एकूण भार सुमारे १८०% झाला. शिवाय गाडी तीन वर्षांहून जुनी नसावी, सुकाणूचक्र उजवीकडे असावे, वेगमापक किलोमीटर दर्शविणारा असावा आणि आयात केवळ मुंबई बंदरातूनच व्हावी, अशा अटी घालण्यात आल्या. मूल्यांकनात नव्या गाडीच्या किंमतीतून वयानुसार घसारा वजा केला जाई. त्यामुळे बीजकात किंमत कमी दाखवून कर चुकविण्यास वाव उरत नसे.

अशा रीतीने बंदी गेली, तरी तिचे कार्य कराने केले. देशी कारखाने व त्यांतील रोजगार यांना संरक्षण मिळाले. त्याची किंमत मात्र स्वस्त गाडीला मुकलेल्या ग्राहकाने मोजली.