नाव कोणाचे, नाद कोणाचा? पिंक फ्लॉइडच्या उत्तरपर्वाचा वाद

पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचे चाहते गेली चाळीस वर्षे एकाच प्रश्नावर भांडत आले आहेत. रॉजर वॉटर्स १९८५ साली बाहेर पडल्यानंतर त्या नावाने जे अल्बम निघाले, ते पिंक फ्लॉइडचे म्हणायचे का? एक पक्ष म्हणतो, शब्द आणि विचार वॉटर्सचे होते; तो गेला, उरली ती नुसती पाटी. दुसरा म्हणतो, डेव्हिड गिल्मोरची गिटार आणि गळा हाच तो नाद. वॉटर्सच्या एकट्याच्या अल्बममध्ये भाषण पुष्कळ, चाल थोडी.

मी संगीत कुठल्या शाळेत शिकलो नाही. कॅसेटच्या काळात ही गाणी कानावर पडली आणि पुढे अल्बमच्या वेष्टनावरची श्रेयनामावली वाचण्याचा नाद लागला. या वादात ती बारीक अक्षरे बरेच काही सांगतात.

१९७३च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’वर सगळे शब्द वॉटर्सचे, पण संगीताचे श्रेय चौघांत वाटलेले आहे. १९७७च्या ‘ॲनिमल्स’मध्ये पाच गाणी, त्यांतल्या एकाच गाण्यावर गिल्मोरचे नाव सह-रचनाकार म्हणून येते. १९७९च्या ‘द वॉल’मध्ये २६ तुकडे आहेत, गिल्मोरचा वाटा तीन गाण्यांत. कीबोर्ड वाजवणारा रिचर्ड राइट रचनाकारांत कुठेच नाही. त्या काळात त्याला बँडमधून काढण्यात आले आणि पुढच्या दौऱ्यात तो पगारी वादक म्हणून वाजवत होता. १९८३च्या ‘द फायनल कट’ची सर्व गाणी वॉटर्सची. ॲन्झिओच्या लढाईत १९४४ साली मारल्या गेलेल्या वडिलांना त्याने हा अल्बम अर्पण केला आणि फॉकलंड युद्धावरचा राग त्यात ओतला. राइट त्यात नाही, निर्मात्यांच्या यादीत गिल्मोर नाही. म्हणजे बँड १९८५ साली फुटला हे खरे, पण वेष्टनावर तो आठ-दहा वर्षे आधीपासून विरत चालला होता.

दुसरी गोष्ट चाहते सहसा लक्षात घेत नाहीत. एकल काम आणि बँडचे काम यांतली रेषा कधीच पक्की नव्हती. १९७८ साली वॉटर्सने सहकाऱ्यांपुढे दोन कल्पना ठेवल्या. त्यांनी एक निवडली, ती ‘द वॉल’ झाली. दुसरी त्याने १९८४ साली एरिक क्लॅप्टनला गिटारवर घेऊन स्वतःच्या नावाने काढली. निवड उलटी झाली असती तर आज कोणता अल्बम ‘खरा’ ठरला असता? ‘कम्फर्टेबली नम्ब’ची चाल मुळात गिल्मोरच्या १९७८च्या एकल अल्बमच्या वेळची. आणि १९८७चा ‘अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन’ सुरू झाला तोच गिल्मोरचा एकल अल्बम म्हणून.

त्या नावासाठी वॉटर्स कोर्टात गेला. १९८७च्या डिसेंबरात तडजोड झाली: नाव गिल्मोर आणि ड्रमर निक मेसन यांच्याकडे राहिले, ‘द वॉल’ वॉटर्सकडे. दावा लावण्यात आपली चूक झाली, असे त्याने २०१३ साली सांगितले.

मग त्या नावात नेमके होते काय? माझ्या मते, अडवणूक. ‘कम्फर्टेबली नम्ब’ वाद्यवृंदाच्या अंगाने जावे असे वॉटर्सला वाटे, गिल्मोरला ते अधिक कणखर हवे होते. दोघेही हटेनात, म्हणून दोन्ही रूपे एका गाण्यात जोडली गेली. श्लोकात एकाचा थंड आवाज आणि धृपदात दुसऱ्याचा मोकळा गळा ऐकला की ती जोड कळते. पुढे वॉटर्सच्या १९९२च्या ‘अम्यूज्ड टू डेथ’मध्ये जेफ बेकची गिटार आहे. ती सुरेख आहे, पण पाहुण्याची आहे. ती मालकाला ‘नाही’ म्हणत नाही. १९९४च्या ‘द डिव्हिजन बेल’मध्ये राइट परतला, ११ पैकी ५ रचनांवर त्याचे नाव आले आणि जुना विस्तीर्ण नादही परतला. तिथे उणीव आहे ती त्या नादाला टोचणाऱ्या माणसाची.

गंमत अशी की दोन्ही बाजूंनी हा वाद पुढे भूतकाळ दुरुस्त करून सोडवू पाहिला. २०१९ साली ‘मोमेंटरी लॅप्स’ नव्याने मिश्रित झाला. दिवंगत राइटचे जुने कीबोर्ड-वादन त्यात वाढवले, मेसनने ड्रम पुन्हा वाजवले. अल्बम ‘अधिक पिंक फ्लॉइड’ करण्याचाच हा खटाटोप. २०२३ साली वॉटर्सने ‘डार्क साइड’ एकट्याने पुन्हा ध्वनिमुद्रित केला, गिटारचे एकलवादन वगळून. एकाने हरवलेले सोबती परत आणले, दुसऱ्याने असलेले काढून टाकले.

२ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये चौघे शेवटचे एकत्र वाजले. त्यांनी निवडलेली सगळी गाणी १९७३ ते १९७९ मधली होती. फुटीनंतरचे एकही नाही, ना याचे, ना त्याचे. चाहत्यांच्या दोन्ही पक्षांनी या यादीकडे नीट पाहावे. मला त्यात उत्तरपर्वाचा अपमान दिसत नाही. ते अल्बम ऐकण्याजोगे आहेत, फक्त ती दोन वेगळ्या माणसांची कामे आहेत आणि तशीच ऐकली तर दोन्ही उंच ठरतात.

२०२४ साली बँडचे ध्वनिमुद्रण-हक्क आणि नावाचे हक्क सोनीने सुमारे ४० कोटी डॉलरना घेतल्याचे वृत्त आले. ज्या नावासाठी मित्र कोर्टात गेले, ते आता एका कंपनीच्या वहीत आहे.