परमा रोगाची प्राणी-प्रारूपे

परमा हा लैंगिक संबंधातून पसरणारा रोग आहे. त्याच्या जिवाणूची रोगकारकता अभ्यासण्यासाठी प्राण्यांमध्ये मुद्दाम घडवलेल्या संसर्गास परम्याचे प्राणी-प्रारूप म्हणतात. 'नायसेरिया गोनोऱ्हिए' हा जिवाणू आल्बर्ट नायसर यांनी १८७९ मध्ये शोधला. निसर्गात तो केवळ मानवासच बाधतो. वाढीसाठी लागणारे लोह तो मानवी ट्रान्सफेरिन या रक्तप्रथिनातून मिळवतो. उंदराच्या ट्रान्सफेरिनमधून त्याला ते घेता येत नाही.

अमेरिकन संशोधक ॲन जर्स यांनी १९९९ मध्ये मादी उंदरांचे प्रारूप मांडले. त्यात इस्ट्रॅडिओल हे संप्रेरक दिल्याने योनिमार्गातील संसर्ग अधिक दिवस टिकतो, तर प्रतिजैविकांमुळे तेथील इतर जिवाणूंची वाढ रोखली जाते. संसर्गासाठी त्या प्रतिजैविकांना दाद न देणारा वाण वापरतात.

घातक द्रव्ये पेशीबाहेर टाकणारा 'एमटीआर' पंप नसलेले जिवाणू या उंदरांमध्ये फार काळ टिकत नाहीत, असे आढळले. हाच पंप काही प्रतिजैविकेही बाहेर टाकतो. त्यामुळे औषधरोध आणि रोगकारकता यांचा परस्परसंबंध स्पष्ट झाला.

मानवी प्रथिने असलेले जनुकपरिवर्तित उंदीर वापरून या प्रारूपाच्या मर्यादा काही अंशी दूर केल्या जातात. पुरुष स्वयंसेवकांवर नियंत्रित संसर्गाचे प्रयोग झाले आहेत. मात्र स्त्रियांमध्ये ओटीपोटातील दाह व वंध्यत्व यांचा धोका असल्याने तसे प्रयोग केले जात नाहीत. म्हणूनच स्त्री-जननमार्गातील संसर्ग समजून घेण्यासाठी आणि लसींच्या प्राथमिक चाचणीसाठी उंदरांचे प्रारूप महत्त्वाचे ठरते.