औषध नावाचं विष

आमच्या करमाळ्यात कुणी 'कीटकनाशक फवारतो' असं म्हणत नाही. 'औषध मारायचंय' म्हणतात. उसाला हुमणी लागली की औषध, केळीवर कीड दिसली की औषध. आणि कुणी जिवाचं बरंवाईट केलं, तरी गाव दबक्या आवाजात तेच म्हणतं: औषध प्याला. मी कोड लिहून पोट भरतो, पण घरची शेती आहे. म्हणून या शब्दामागचा इतिहास शोधत गेलो.

तो जर्मनीत सुरू होतो. १९३६ साली गेरहार्ड श्राडर हा रसायनशास्त्रज्ञ फॉस्फरसची सेंद्रिय संयुगं बनवून किडींवर तपासत होता. त्यातलं एक इतकं जहाल निघालं, की किंचित बाधेनेच त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या आकसल्या आणि दम लागला. त्याचा टाबुन हा युद्धातला विषारी वायू झाला, मागोमाग सारिन आला. पुढे शेतीसाठीचं पॅराथिऑनही श्राडरनेच शोधलं. आपल्याकडे ते 'फॉलिडॉल' नावाने पोचलं.

काम तिघांचं एकच. मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचला की एक एन्झाइम तो पुसून टाकतं. ही संयुगं त्या एन्झाइमलाच अडकवतात. लूप थांबवणारी ओळच काढून टाकावी, तसं. मग लाळ, घाम, थरथर आणि शेवटी श्वास बंद. हे एन्झाइम अळीत आहे, तसंच आपल्यातही आहे.

१९५८ साली केरळमध्ये शंभराहून अधिक माणसं दगावली. जहाजात फॉलिडॉलशेजारी ठेवलेल्या गव्हाच्या पिठात ते सांडलं होतं. चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. डब्यावरचा रंगीत त्रिकोण त्या कायद्याच्या नियमांतला: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा.

तरीही २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. ते औषध प्याले नव्हते, कपाशीवर फवारत होते. वापरलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही याच घराण्यातली नावं होती. ही संयुगं कातडीतूनही आत शिरतात. घामाने भिजलेला सदरा अंगावर राहिला तरी पुरे.

उसाच्या सरीत पडणारं दाणेदार फोरेट २०२० च्या अखेरीस बंद झालं. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस मात्र अजून वापरात आहेत. म्हणून जुन्याच गोष्टी पुन्हा सांगतो. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका. दोन औषधं मनाने मिसळू नका. नोझल तुंबला तर तोंडाने फुंकू नका. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या हव्यातच. फवारताना तंबाखू मळू नका. काम झालं की साबणाने अंघोळ करा, कपडे वेगळे धुवा. रिकामा डबा पाण्याला वापरू नका, फोडून टाका.

डोकं दुखलं, अंधारी आली, लाळ सुटली तर घरी उलटी करवत बसू नका. भिजलेले कपडे उतरवा, अंग धुवा आणि डब्यासकट दवाखाना गाठा. डॉक्टरांकडे अ‍ॅट्रोपिन असतं, पण ते वेळेत मिळालं तरच उपयोग. डब्यावरचं नाव वाचलं की कोणतं विष आहे हे त्यांना लगेच कळतं.

दुकानात 'औषध द्या' म्हणायला हरकत नाही. घेताना त्रिकोणाचा रंग मात्र बघा. तो रंग ठरवण्याची किंमत कुणीतरी आधीच मोजली आहे.