भिंत आणि बीड : सेव्हर्नकांठचा एक धडा

ख्रिस्तमंदिर जुनें होऊं लागलें कीं, त्याच्या भिंतींची व लोखंडी कामाची निगा राखणें हें सर्व धर्मग्रामाचें कर्तव्य होतें. महोत्सवाच्या आनंदांत त्याचा विसर पडूं नये, म्हणून इंग्लंडांतील एका जुन्या कारखान्यांच्या गांवाची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

श्रॉपशर परगण्यांत सेव्हर्न नदीच्या खोल दरींत कोलब्रुकडेल नांवाचें ठिकाण आहे. सतराव्या शतकांत तेथील जमीनदार सर बेझिल ब्रुक हे कॅथलिक असून, त्यांनीं तेथें पोलाद तयार करविलें. पुढें १७०९ सालीं क्वेकर पंथाचे अब्राहम डार्बी ह्यांनीं लांकडी कोळशाऐवजीं दगडी कोळशाचा कोक वापरून लोखंड गाळलें. त्यांचे नातू तिसरे अब्राहम डार्बी ह्यांनीं जवळच नदीवर बिडाचा पूल उभारला. आराखडा टॉमस प्रिचर्ड ह्यांचा. परंतु ते १७७७ सालींच निवर्तले. १७७९ सालीं कमानी चढल्या व १ जानेवारी १७८१ रोजीं रहदारी सुरू झाली. कमानीचा विस्तार सुमारें १०० फूट, बिडाचें वजन सुमारें ३७८ टन. एवढें बीड जोडण्याची रीत तेव्हां रूढ नव्हती, म्हणून सुतारकामाप्रमाणें खाचा व पाचरा योजिल्या. खर्च अंदाजाबाहेर गेला, आणि डार्बी मरेपर्यंत कर्जांत राहिले.

१७९५ च्या महापुरांत नदीवरील इतर पुलांची हानि झाली. हा मात्र टिकला. लोकांनीं बिडाची स्तुति केली. पण धोका निराळ्याच ठिकाणीं होता. दरीच्या उतारावरील जमीन हळूहळू नदीकडे सरकते. तिनें कांठांवरील दगडी भिंती आंत रेटल्या, आणि त्या दाबानें बिडास तडे गेले. १८०२ सालीं दक्षिणेकडील दगडी बांधकाम काढून लांकडी कमानी घालाव्या लागल्या. पुढें तेथें लोखंडी आल्या. १९३४ सालीं वाहनांस बंदी झाली. शेवटीं १९७२ ते १९७५ ह्या काळांत नदीच्या तळाशीं काँक्रीटचा आधार घालून दोन्ही कांठ एकमेकांपासून दूर धरले.

२०१७ सालीं कोलब्रुकडेलचा ओतकामाचा कारखाना बंद पडला, आणि त्याच वर्षीं पुलाची मोठी दुरुस्ति सुरू झाली. धंदा गेला, पूर्वजांचें काम राखणारे मात्र राहिले.

बीड सर्वांस दिसतें. त्याचा भार भिंत वाहते, आणि भिंतीस जमीन सांभाळते. म्हणून महोत्सवाची वर्गणी खर्च करतांना रंगाआधीं पाया पाहावा, एवढीच आमची विनंति आहे.