रूळ बदलला की गाडी बदलायची : फाइलच्या पत्त्याचा इतिहास

आजचा विषय कळल्यावर एकाने मला विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. तुमचा फाइल-फोल्डरशी काय संबंध?" संबंध आहे. वस्तू कुठे आहे आणि तिला काय म्हणायचं, हे आमच्या विषयाचे जुनेच प्रश्न. शिवाय आपण पूर्णेत बसलो आहोत. पूर्णेच्या माणसाला ही गोष्ट समजायला संगणक लागत नाही, स्टेशन पुरतं.

निजामाच्या राज्यात मनमाड ते सिकंदराबाद लाईन पडली ती मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत १ मीटर अंतर. मनमाडला येणारी जीआयपी रेल्वे मात्र ब्रॉडगेज, १,६७६ मिलिमीटरची. मुंबईकडून आलेला माल मनमाडला एका वॅगनमधून उतरवायचा आणि दुसरीत चढवायचा. नव्वदच्या दशकात आपली मुख्य लाईन मोठी झाली, पण अकोल्याकडचा फाटा २००८ पर्यंत छोटाच राहिला. तोवर अकोल्याकडे जाणाऱ्याला पूर्णेला गाडी बदलावीच लागे. पोतं तेच, माणूस तोच, रूळ वेगळा. मालधक्क्यावर पोती उचलणाऱ्या हमालांचं नाव वेळापत्रकात कधी छापलं गेलं नाही, पण ते नसते तर माल तिथेच पडून राहिला असता.

संगणकाच्या जगात हेच काम काही छोटी छोटी फंक्शन्स करतात. पत्त्याचे तुकडे जोडणं, पत्त्यातून फाइलचं नाव वेगळं काढणं, फोल्डर आहे की नाही ते पाहणं, नसेल तर तयार करणं. कामं क्षुल्लक वाटतात. मग त्यांची गरज का पडली? कारण रूळ वेगवेगळे टाकले गेले. ते कसे, ते पाहू.

फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर, अशी झाडासारखी रचना १९६५ मध्ये डेली आणि न्यूमन यांनी मल्टिक्स या प्रणालीसाठी एका निबंधात मांडली. मल्टिक्समध्ये पत्त्याचे टप्पे > या चिन्हाने तोडत. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचं काम सुरू केलं. युनिक्सने / ही तिरपी रेघ घेतली. इकडे १९८१ मध्ये आलेल्या एमएस-डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हतेच. तिथे / हे चिन्ह आज्ञेला जोडायच्या सूचनांसाठी वापरात होतं. १९८३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, तेव्हा ती रेघ अडकलेली. म्हणून उलटी रेघ घेतली, \ अशी. जुन्या मॅकिंटॉशने तर विसर्गासारखं : हे चिन्ह निवडलं. यात सिद्धान्त काही नाही. आधी बसलेल्याने जागा धरली होती, एवढंच.

अशा जागा धरून ठेवल्याच्या खुणा आजही सापडतात. विंडोजमध्ये 'ऑक्स' किंवा 'कॉन' या इंग्रजी अक्षरांचं नाव फोल्डरला देऊन पाहा, तो घेणार नाही. ती डॉसच्या काळात उपकरणांना दिलेली नावं आहेत. युनिक्सला इंग्रजीतलं मोठं आणि लहान अक्षर वेगळं वाटतं; विंडोज सहसा तो भेद मानत नाही. ओळ संपली हे सांगायची खूणही तिघांची तीन तऱ्हांची होती.

मग दोन मार्ग निघाले. एक, सगळ्यांनी एकच रूळ टाकावा. १९८८ मध्ये युनिक्सच्या कुळासाठी पॉझिक्स हे प्रमाण झालं, पण विंडोज त्या कुळातलं नव्हतं. दुसरा मार्ग मालधक्क्याचा. १९९१ मध्ये आलेल्या पायथन भाषेत 'ओएस.पाथ' नावाचं दालन आहे. त्यातल्या 'जॉइन' या फंक्शनला फक्त तुकडे द्यायचे. आपण कुठल्या प्रणालीवर आहोत ते ओळखून रेघ कोणती घालायची ते तेच ठरवतं. २०१४ मध्ये त्याच भाषेत 'पाथलिब' आलं. सी भाषेच्या प्रमाण ग्रंथालयात फाइलचं नाव बदलणं आणि फाइल पुसणं १९८९ पासून आहे, पण फोल्डर उघडून आत काय आहे ते पाहायची सोय नाही. सी प्लस प्लसमध्ये ती प्रमाण स्वरूपात यायला २०१७ उजाडलं. मूळ मांडणीपासून मोजा, ५२ वर्षं!

आता आपल्या मराठीकडे येऊ, कारण खरी अडचण इथे आहे.

माझ्या एका व्याख्यानाचं नाव 'मी कोण?' असं होतं. लिनक्सच्या यंत्रावर फाइल त्या नावाने बिनतक्रार साठली. विंडोजवर न्यायला गेलो तर अडली, कारण तिथे फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. आत्म्याचा प्रश्न विरामचिन्हावर अडला म्हणून आम्ही बरेच हसलो.

दुसरं. लिनक्सवर फाइलच्या नावाची मर्यादा सहसा २५५ बाइटची. इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो. युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. आणि काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडणं, हे प्रत्येक चिन्ह वेगळं मोजलं जातं. म्हणजे हाती उरली ८५ चिन्हं. आमच्यासारख्यांची लांबलचक शीर्षकं विंडोजवर मावतात आणि तिथे मावत नाहीत.

तिसरं सगळ्यात गमतीचं. 'वऱ्हाड' किंवा 'कऱ्हाड' लिहा. त्यातला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो : एकच चिन्ह म्हणून, किंवा साधा र आणि खाली नुक्ता म्हणून. १९९८ पासूनच्या मॅकच्या फाइलव्यवस्थेत नावं अशी सुटी करून साठवली जात. लिनक्स जे बाइट दिले तेच ठेवतं. त्यामुळे 'वऱ्हाड' नावाच्या दोन फाइली एकाच फोल्डरात शेजारी बसू शकतात. डोळ्यांना एक, यंत्राला दोन! ज्यांच्यात कसलाच भेद दाखवता येत नाही ते दोन नसून एकच, असं लायब्निझ म्हणत असे. इथे भेद आहे, फक्त आपल्याला दिसत नाही. तो मिटवायलाही फंक्शन आहे. नाव तपासण्याआधी दोन्ही रूपं एकाच साच्यात आणायची.

आणि शेवटी एक दुखरी गोष्ट. नव्वदच्या दशकात माझी टिपणं एका विद्यार्थ्याने टाइप करून दिली, त्या काळच्या एका मराठी फॉन्टमध्ये. त्या फॉन्टांची युक्ती अशी, की आत साठायची इंग्रजी अक्षरं आणि वर चित्र दिसायचं मराठीचं. आज ती फाइल सापडते, पत्ता बरोबर आहे, उघडतेसुद्धा. पडद्यावर मात्र इंग्रजी अक्षरांचा चिवडा. फॉन्ट गेला आणि अर्थ त्याच्याबरोबर गेला. पत्ता जोडणारं कुठलंही फंक्शन इथे उपयोगी नाही; अक्षर बदलणारा दुभाषी लागतो.

आपल्या भागाला हे नवं नाही. १९४८ पर्यंत इथल्या सरकारी दप्तराची भाषा उर्दू, जुने कागद मोडीत. रुमालात बांधलेला कागद शाबूत असतो आणि घरात वाचणारा कोणी नसतो. पुण्याच्या पेशवे दप्तरातले निवडक कागद १९३० नंतर गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली ४५ खंडांत बाळबोध अक्षरात छापले गेले, म्हणून ते तुम्हाआम्हाला वाचता येतात. जे रुमालातच राहिले ते मोडी जाणणाऱ्यांपुरतेच उरले.

तेव्हा घरी गेल्यावर एक करा. जुन्या फॉन्टमधलं लेखन असेल तर तो फॉन्ट जवळ आहे तोवरच युनिकोडमध्ये आणा. नावं लहान ठेवा, प्रश्नचिन्ह आणि विसर्गासारखी चिन्हं आत लिहा, नावात नको. आणि तुमची मुलं प्रोग्राम लिहीत असतील तर सांगा, की रेघा हाताने जोडू नका, ते काम हमालावर सोपवा. माझी टिपणं मी पुन्हा टाइप करतोय. १२ प्रकरणांपैकी ४ झाली आहेत.

आता प्रश्न असतील तर विचारा.