रोमपासून वेगळे झालेले गोमंतकीय चर्च



पेडणे-डिचोलीच्या माणसाने ख्रिस्ती धर्मसंस्थेचा इतिहास का सांगावा, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. आमचे महाल नव्या काबिजादीतले. पेडणे पोर्तुगीज अंमलाखाली आले ते १७८८ साली. तोवर बाटवाबाटवीचा जोर ओसरला होता आणि येथील देवळे व रूढी यांना अभय देऊनच राज्य विस्तारले गेले. त्यामुळे सासष्टीच्या पाद्र्यांची सुखदुःखे आमच्या घरी कोणी बोलत नसे. मी स्वतः फादर आल्वारिस हे नाव प्रथम वाचले ते इतिहासाचा शिक्षक होऊन बरीच वर्षे लोटल्यावर. त्याची मला लाज वाटली, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

पेडणे जाण्याच्या आदल्याच वर्षी, १७८७ मध्ये, पिंटोंचा कट उघडकीस आला. त्याच्या मुळाशी कुतो आणि गोन्साल्विस या दोन गोमंतकीय पाद्र्यांचे गाऱ्हाणे होते : विद्वत्ता असूनही बिशपपद युरोपियनांनाच मिळते. पंधरा जणांना देहदंड झाला. गाऱ्हाणे मात्र जिवंत राहिले.

आंतोनियु फ्रांसिश्कु शाव्हियर आल्वारिस यांचा जन्म २९ एप्रिल १८३६ रोजी वेर्णे गावी झाला. त्यांच्या बालपणीच हिंदुस्थानातील कॅथलिकांत दुफळी माजली होती. पूर्वेकडील बिशप सुचविण्याचा हक्क पोपनी पूर्वी पोर्तुगालच्या राजाला दिला होता. त्यास पाद्रोआदो म्हणत. पोर्तुगालचे सामर्थ्य खालावल्यावर रोमने आपली प्रोपागांडा ही संस्था पुढे केली आणि १८३८ च्या फर्मानाने कोचीन, मैलापूर आदी जुन्या धर्मप्रांतांवरील पोर्तुगीज अधिकार काढून घेतला. गोमंतकीय पाद्र्यांनी ते मानले नाही. एकाच वस्तीत दोन पाद्री आणि दोन तट, असा प्रकार कित्येक वर्षे चालला. अखेर २३ जून १८८६ च्या कराराने गोव्याच्या आर्चबिशपना पेट्रिआर्क ही भारदस्त पदवी मिळाली. पण सिलोन व कानडा किनाऱ्यावरील पाद्रोआदोची चर्चे प्रोपागांडाकडे गेली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गोव्याकडे तोंड करून प्रार्थना केली, त्यांना कोणी विचारलेही नाही.

या दुखावलेल्या लोकांना पुढारी हवा होता. आल्वारिस हे हाडाचे पत्रकार. ‘आ क्रुज’ व ‘आ व्हेर्दादी’ या पत्रांतून त्यांनी धर्माधिकाऱ्यांवर आणि सरकारवर सडकून टीका केली होती व आर्चबिशप व्हालेंत यांचा रोष ओढवून घेतला होता. परंतु नुसत्या रागाने चर्च उभे राहत नाही. पाद्र्याला दीक्षा बिशपनेच द्यावी लागते आणि बिशपला दुसऱ्या बिशपने. ही परंपरा थेट येशूच्या शिष्यांपर्यंत पोचावी लागते. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला १५३४ मध्ये ही अडचण पडली नाही, कारण त्याच्या राज्यात बिशप आयते होते. आल्वारिसांपाशी एकही नव्हता. म्हणून ते मलबारातील सिरियन ख्रिस्त्यांकडे वळले. अँटिऑकच्या पेट्रिआर्कच्या अनुज्ञेने २८ जुलै १८८९ रोजी कोट्टायमच्या जुन्या सेमिनरीत त्यांना ‘मार ज्युलियस’ या नावाने गोवा, सिलोन आणि हिंदुस्थानचे मेट्रोपोलिटन करण्यात आले. पुढे २९ मे १८९२ रोजी कोलंबोत त्यांनीच व्हिलात या अमेरिकेहून आलेल्या पाद्र्याला बिशपपद दिले. ज्याला आपल्या गोव्यात कोणी बिशप केले नसते, त्याच्या हातून अमेरिकेसाठी बिशप घडला!

येथे एक विसंगती ध्यानात घ्यावी. ही चळवळ निघाली ती पोर्तुगीज पाद्रोआदोच्या निष्ठेपोटी. पण तिच्या नायकाला छळले ते पोर्तुगीज सरकारनेच. त्यांचे ‘ओ ब्रादु इंदियानु’ हे पत्र राज्यकर्त्यांना खुपत होते. तशात १८९५ मध्ये शिपायांचे बंड झाले आणि सत्तरीचे राणेही उठले. बंडाला चिथावणी दिल्याचा ठपका आल्वारिसांवर आला. त्यांना अटक झाली, बिशपची वस्त्रे उतरवून घेण्यात आली. आरोप मात्र टिकला नाही. राण्यांच्या बंडाच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो. त्या धामधुमीत एका ख्रिस्ती धर्मगुरूचीही फरफट झाली, हे आम्हांस कोणी सांगितले नव्हते.

गोव्यात त्यांना अनुयायी थोडेच मिळाले. माझ्या मते याचे कारण सिद्धान्तात शोधू नये. गावचा ख्रिस्ती माणूस आपल्या इगर्जीशी बांधलेला असतो. बारसे, लग्न, फेस्त, आणि आईबापांची माती, सारे तेथेच. रोमशी भांडण पोर्तुगीज वर्तमानपत्रात चालते, माती गावात असते. कानडा किनाऱ्यावर ब्रह्मावरला मात्र फादर नोरोन्या यांच्यामागे अख्खा समाज गेला आणि टिकला. मलंकार ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये २०१० पासून त्याचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे.

आल्वारिसांची अखेरची वर्षे गोव्यात दीनदुबळ्यांच्या सेवेत गेली. पटकीवरील उपचारांची पुस्तिका त्यांनी लिहिली. गरिबांच्या पोटाला आधार म्हणून मांडिओकाची लागवड करा, असे ते सांगत. गोरगरिबांसाठी स्वतः भिक्षा मागत. २३ सप्टेंबर १९२३ रोजी अतिसाराने रायबंदरच्या इस्पितळात त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेला सर्व धर्मांचे लोक लोटले.

डिचोलीहून मये, चोडण करीत फेरीबोटीने गेले की पैलतीरी रायबंदर लागते. तेथील सेंट मेरीज ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये त्यांचे अवशेष जपलेले आहेत. मी गेलो तेव्हा दुपार होती आणि आत एक वृद्ध बाई मेणबत्ती लावीत होत्या. आल्वारिस कोण, असे मी मुद्दाम विचारले. त्या म्हणाल्या, “आमचे पाद्री. गरिबांचे.”